ओल झाकणाऱ्यांची अभिरुची

घराच्या खोल्यांची रंगरंगोटी, छताची नक्षी, तळघराची सजावट हे सारे वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांचे विषय. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांत पडू नये, असा एक समज आपल्या मराठी विभागांतून चांगलाच रुजलेला आहे. आम्हांला तो मान्य नाही. ज्या भाषेने घराच्या प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र नाव दिले, तिच्या अभ्यासकांनी ते कोपरे बुजवले जात असताना टिपणे काढत बसावे, हे काही विद्वत्तेचे लक्षण नव्हे. शिवाय 'अभिरुची' हा शब्द आपण वर्गात रोज वापरतो. माणसाची अभिरुची त्याला कोणती कविता आवडते यावरून जितकी कळते, त्याहून अधिक तो आपल्या घरात कोणत्या खोलीवर आधी पैसे घालतो यावरून कळते.

प्रस्तुत लेखात आम्ही दोन पक्षांशी भांडणार आहोत. पहिला पक्ष घर नवे करून घेणाऱ्यांचा. त्यांना जुने जे जे आहे त्याची लाज वाटते. दुसरा पक्ष जुन्या वाड्यासाठी गळा काढणाऱ्यांचा. त्यांना नवे जे जे आहे त्याची किळस येते. हे दोन पक्ष एकमेकांस शत्रू समजतात. आमचे म्हणणे असे, की दोघेही एकच काम करीत आहेत, आणि ते म्हणजे ओल झाकणे. पहिला पक्ष ती प्लायवुडने झाकतो आणि दुसरा ललित गद्याने.

उदाहरणासाठी आम्ही नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव घेतो. पुण्याच्या पेठांवर आणि मुंबईच्या चाळींवर पुष्कळ लिहून झाले आहे. मराठी घर म्हणजे जणू तेवढेच. वणी हे सप्तशृंगगडाकडे जाणाऱ्या वाटेवरचे जुने बाजाराचे गाव. चैत्रात आणि आश्विनात खानदेशातून पायी येणाऱ्या यात्रेकरूंनी या भागातल्या वाटा भरून जातात. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी मोगलांशी दिलेली लढाई इतिहासात वणी-दिंडोरीची लढाई म्हणूनच नोंदलेली आहे. म्हणजे घर बांधून राहण्याची सवय या मुलखाला कालपरवाची नाही. अलीकडच्या काही दशकांत द्राक्षबागांनी तालुक्यात पैसा आणला आणि घरे बदलू लागली. पैसा आल्यावर घर बदलावे, यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो बदलले काय, हा.

जुने बांधकाम कसे चालत असे, ते आधी पाहू. गावाची वस्ती ज्या जमिनीवर असे तिला 'पांढरी' म्हणत आणि पिकाच्या जमिनीला 'काळी'. काळी पेरण्यासाठी, पांढरी राहण्यासाठी. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर हलका पाया टाकला तर भिंत तडकते. भिंती मातीच्या, किंवा चुन्यात बांधलेल्या दगड-विटांच्या. अशी भिंत जमिनीतले पाणी थोडेफार शोषून घेते आणि हवेला परत देते, कारण माती आणि चुना ही दोन्ही द्रव्ये सच्छिद्र असतात. श्रावणात ओलावलेली भिंत दिवाळीच्या सुमारास सुकते. तिला दर वर्षी काहीतरी करावे लागते. कौले शाकारावी लागतात, धाब्यावर पावसाआधी खारवट माती पसरावी लागते, चुन्याचा हात फिरवावा लागतो, जमीन सारवावी लागते, उंदरांनी पोखरलेले लिंपावे लागते. शाकारणे, सारवणे, लिंपणे, डागडुजी करणे: या साऱ्या शब्दांमागे एक गृहीत होते, की घर ही सतत बिघडणारी आणि म्हणून सतत राखावी लागणारी वस्तू आहे.

आता नवे घर, किंवा अधिक नेमकेपणाने, नवे करून घेतलेले जुने घर पाहा. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो आणि त्याच्यावर चकचकीत ऑइलपेंट. जमिनीवर व्हिट्रिफाइड फरशी बसते. पाण्याला बाहेर पडायला जी जागा होती ती बंद होते. पण जमिनीतले पाणी काही थांबत नाही. ते फरशीखालून सरकत भिंतीत शिरते आणि पूर्वीपेक्षा अधिक उंच चढते. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर पोपडे सुटतात, पांढरे क्षार दिसू लागतात. यावर उपाय म्हणून त्या भिंतीवर लाकडी पॅनेल ठोकतात. पॅनेलमागे वाळवीची सोय होते. वर गळणारे छत असेल तर पीओपीची नक्षीदार फॉल्स सीलिंग येते, तिच्यात छोटे दिवे येतात, आणि गळती जिप्समच्या पाठीमागे निवांतपणे चालू राहते. हे सारे उत्तम दिसते. फोटोत तर फारच उत्तम दिसते.

यात दोष कारागिराचा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या मिस्त्रीचे आयुष्य सिमेंटमध्ये गेले, त्याच्याकडे कोणी चुन्याचे काम मागितलेच नाही. दोष मागणीचा आहे. आपल्याला राखण्याचा कंटाळा आला आहे आणि एकदाच करून मोकळे व्हायचे आहे. म्हणून ती सारी क्रियापदे मागे पडली आणि त्यांच्या जागी 'नूतनीकरण' हे एक सरकारी नाम आले, तेही बहुधा 'रिनोव्हेशन'च्या वेशात. दर वर्षी थोडे करण्याऐवजी पंधरा वर्षांतून एकदा सगळे झाकून टाकायचे, हा या शब्दाचा खरा अर्थ. फर्निचरच्या आणि सजावटीच्या दुकानांचे गावोगाव जे पेव फुटले आहे, ते या अर्थावर उभे आहे.

खोल्यांच्या नावांकडे पाहू. पूर्वी घर खणांत मोजत: दोन तुळयांमधले अंतर तो खण, आणि घर पाच खणांचे की सात खणांचे यावरून त्याचा आकार कळे. ओटी, ओसरी, पडवी, माजघर, कोठीघर, देवघर, माडी, न्हाणी, परसू, बाळंतिणीची खोली. भिंतीत देवळी, कोनाडा, फडताळ, खुंटी. आज घर 'टू बीएचके' किंवा 'थ्री बीएचके' असते, खेड्यातला स्वतंत्र बंगलासुद्धा. या संक्षेपात स्वयंपाकघर शेवटी येते हे वाचकांनी ध्यानात घ्यावे, कारण खर्चाचा क्रमही बहुतेक तोच असतो. आधी हॉल, मग पाहुण्यांना दिसणारा जिना, मग मुलाच्या लग्नासाठी एक शयनगृह, आणि पैसे उरले तर स्वयंपाकघर. तिथल्या ओट्याची उंची कोणाच्या पाठीला मानवते, धूर-वाफ कोठून बाहेर जाते, भांडी घासणारीला उजेड मिळतो का, हे प्रश्न शेवटच्या हप्त्यावर ढकलले जातात. ज्या खोलीत कोणी बसत नाही तिचे छत चार वेळा बदलते आणि ज्या खोलीत एक बाई दिवसाचे सहा-सात तास उभी असते तिची खिडकी तीच राहते.

द्राक्षबागेतून आलेल्या पैशाने घर नवे होते, तेव्हा त्या बागेवर राबायला सुरगाणा-पेठ भागातून आलेल्या आदिवासी मजुरांच्या खोल्यांचे काय होते, हेही विचारले पाहिजे. शेतावरच्या पत्र्याच्या शेडमधली एक खोली, चूल दाराबाहेर: अशा घरांना कोणी 'इंटिरिअर' करून देत नाही. आमचे वाचक म्हणतील, की हा विषयांतराचा मुद्दा झाला. आमच्या मते तोच विषय आहे. घराच्या शोभेचा विचार दर्शनी खोलीपाशी सुरू झाला, की तो आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. मग तो शेडपर्यंत कसा पोहोचावा?

आता तळघराविषयी. परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या घरांतून एक नवी कल्पना आपल्याकडे उतरली आहे: फिनिश्ड बेसमेंट. जमिनीखाली एक सजवलेली खोली, तिच्यात मोठा पडदा, मऊ खुर्च्या, मंद दिवे. ज्या प्रदेशातून ही कल्पना आली तेथे तिला कारण आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात जमीन काही फूट खोल गोठते आणि पाया त्या गोठणाऱ्या थराखाली न्यावा लागतो. एवढे खोदायचेच, तर त्या जागेत खोली का करू नये, असा तो साधा हिशेब. त्या खोल्यांनी मराठीवर उपकारही केले आहेत. न्यू जर्सीत, शिकागोत, टोरांटोत कितीतरी नाटकांच्या तालमी, गणपतीच्या आराशी आणि मुलांचे मराठीचे वर्ग अशाच बेसमेंटमध्ये भरले. परंतु तेथेही भिंतीबाहेरचे पाणी उपसायला पंप असतो आणि हवेतली ओल शोषायला यंत्र असते. फोटोत ती दोन्ही दिसत नाहीत, म्हणून आपल्याकडे येताना ती वगळली जातात.

वणीच्या परिसरात जमीन गोठत नाही. येथे जमिनीखाली खोली करायची तर निराळे कारण हवे, आणि पूर्वी ते होते. मोठ्या घरांतून तळघर असे ते धान्यासाठी, मौल्यवान वस्तूंसाठी, कधी उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी. भिंतीतले किंवा जमिनीतले बळद धान्य साठवायला असे. पेव तर निव्वळ जमिनीतले कोठारच. बंद पेवात उतरण्याआधी ते उघडून हवा खेळू देत आणि दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. जमिनीखालच्या जागेत माणसाला श्वास पुरत नाही, हे त्या रीतीत जाणलेले होते. आपले बांधकामाचे नियमही सर्वसाधारणपणे हेच सांगतात: तळघर साठवणुकीला, वाहनांना, यंत्रांना, माणसांच्या वस्तीला नव्हे. तरीही काळ्या जमिनीत खड्डा घेऊन, भोवतीच्या पाण्याला वाट न देता, त्यात गालिचे अंथरायचे आणि आजारी आजोबांची किंवा अभ्यास करणाऱ्या मुलांची सोय तेथे लावायची, ही शोभेची हौस राहिली नाही, हा धोका झाला.

धोका हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. ते तळघर साठवणुकीसाठी आणि वाहनतळासाठी मंजूर झालेले होते. तेथे पुस्तके होती, टेबले होती, दिवे होते. म्हणजे सजावट पुरी होती. आमच्या वाचकांपैकी अनेक जण विद्यार्थी आहेत आणि त्यांतले कित्येक या क्षणी कोठल्या तरी गावात तळमजल्याखालच्या अभ्यासिकेत बसलेले असतील. त्यांनी हा लेख पुरा वाचण्याआधी बाहेर पडण्याचे दुसरे दार कोठे आहे ते पाहून यावे.

येथवर आमच्या बाजूने माना डोलावणारा दुसरा पक्ष आता पुढे येईल आणि म्हणेल: बघा, आम्ही सांगतच होतो, जुना वाडाच बरा होता! त्यांच्याशी आमचे भांडण अधिक तीव्र आहे, कारण ते आपल्याच घरातले आहेत. आपल्या ललित गद्यात वाड्याचे जे चित्र आहे, त्यात सारवलेले अंगण असते, समईचा उजेड असतो, माजघरातला गारवा असतो. सारवणारे गुडघे त्यात नसतात. माजघराचा तो गारवा म्हणजे पुष्कळदा खिडकी नसलेल्या खोलीतला काळोख होता आणि त्या काळोखात बायकांची आयुष्ये गेली. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये, ज्यांचा पहिला भाग १९३४ साली आला, आपल्या वडिलांच्या सोवळ्याने घरातल्या बायकामुलांचे काय हाल केले ते लिहून ठेवले आहे. त्या घरात धुण्याच्या वेडापासून काहीच सुटत नव्हते. याच जिल्ह्यात, विहितगावी, जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. परगावी नोकरीवर गेलेल्या माणसाला आसरा मिळवताना जात लपवावी लागते, हे त्याच्या शीर्षककथेत आहे. वाड्याच्या ओसरीवर कोण बसे आणि अंगणाबाहेर कोण उभे राही, याचा जाब ज्या स्मरणरंजनाला द्यावा लागत नाही, तेही एक फॉल्स सीलिंगच होय. गळती त्याच्याही मागे चालू असते.

महेश एलकुंचवार यांच्या १९८५ सालच्या 'वाडा चिरेबंदी'चेच घ्या. पडत्या वाड्याचे हे नाटक आपण वर्गांतून इतक्या वेळा 'ढासळत्या सरंजामी व्यवस्थेचे प्रतीक' म्हणून शिकवले आहे, की तो वाडा आधी वाडा आहे, त्याच्या दुरुस्तीला पैसा लागतो आणि पैशावरून माणसे एकमेकांस तोडतात, ही साधी गोष्ट उत्तरपत्रिकेतून हरवली. नाटकाने वाड्यासाठी गळा काढलेला नाही. गळा काढतो तो शिकवणारा. प्रतीक म्हटले की भिंतीला हात लावून पाहावे लागत नाही.

या पक्षाची व्यवहारातली शाखा आणखी मौजेची आहे. गावातला वाडा उतरला की त्याचे कोरीव खांब, हस्त, दारे, कडी-कोयंडे जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात आणि एखाद्या रिसॉर्टच्या भोजनगृहात उभे राहतात. तेथे ते काहीही तोलत नाहीत. खांबाने भार सोडला की तो दागिना होतो; शब्दाने भार सोडला की तोही होतो. 'माजघर', 'ओसरी' ही नावे आता उपाहारगृहांच्या पाट्यांवर छान दिसतात.

मग आमचा पक्ष कोणता? त्यासाठी वणीहून गडाकडे पाहावे. सप्तशृंगीची अठरा हातांची मूर्ती कातळात आहे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत आले होते. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हे थर उतरवण्यात आले. हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला आणि खालचे कोरीव रूप दिसले. नवरात्रात भाविकांनी देवीचे ते रूप पाहिले. आम्हांला येथे श्रद्धेची चर्चा करायची नाही. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की तो शेंदूर कोणी वाईट हेतूने लावलेला नव्हता. प्रत्येक थर भक्तीचाच होता. तरीही मूर्तीच्या रक्षणासाठी तो काढावा लागला, आणि काढणे म्हणजे विटंबना नव्हे, हे आपल्या श्रद्धाळू समाजाने मान्य केले. गडावर जी गोष्ट मान्य झाली ती गडाखालच्या घरांत मान्य व्हायला हरकत कोणती? दुरुस्तीची सुरुवात काढण्यापासून होते. आधी गिलावा खरवडून भिंत पाहावी, फरशी उचलून ओल कोठून येते ते शोधावे, बुजवलेला झरोका उघडावा. मग रंगाचे डबे आणावेत.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की पैसा ज्याचा, घर ज्याचे, त्याला शहाणपण शिकवणारे तुम्ही कोण? घर ज्याचे त्याचे आहे हे खरे. पण घरात राहणाऱ्या सगळ्यांचे ते सारखे असते का, हाच आमचा प्रश्न आहे. सजावटीचा निर्णय घेणारा आणि त्या सजावटीवरची धूळ रोज पुसणारी या दोन निरनिराळ्या व्यक्ती असतील, तर 'ज्याचे घर' हा शब्दप्रयोग तपासून घ्यावा लागेल. दुसरा आक्षेप असा, की चुना, माती, कौले हे सारे श्रीमंतांचे नवे चोचले आहेत. गरिबाला सिमेंटच परवडते. हा आक्षेप आम्ही आदराने मान्य करतो. सिमेंटशी आमचे वैर नाही. जिने जन्मभर शेणाने जमीन सारवली, तिला फरशीवर चालण्याचा पुरेपूर हक्क आहे आणि तिला सारवणाचे सौंदर्य समजावून सांगणाऱ्या माणसाला आधी बादली द्यावी. नवी भिंत सिमेंटची असो. पण जुन्या मातीच्या भिंतीवर ते थापताना तिचा श्वास कोंडतो, हे ज्ञान फुकट आहे. ते श्रीमंताला लागू आहे तसे गरिबालाही, कारण पडणारी भिंत उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आमची सूचना आहे, आणि ती करायला अनुदान लागत नाही. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घराचा, किंवा गावातल्या पाडू घातलेल्या एका घराचा, खोलीवार आराखडा काढावा. प्रत्येक जागेचे नाव घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारून लिहावे. पुरुषाला विचारले तर दिवाणखाना भरपूर सांगितला जाईल आणि कोठीघर राहून जाईल. नावाबरोबर तिथे कोण बसे, कोण बसत नसे, कोणाला यायला मनाई होती, हे लिहावे. ओल कोठे येई आणि ती कशी निस्तरत, हे लिहावे. अशी शंभर टिपणे जमली, तर वाड्यावरचे पुढचे ललित गद्य लिहिणे अवघड होईल, आणि ते अवघड व्हायलाच हवे.

ज्यांच्या घरी दिवाळीआधी काम काढायचे ठरले आहे, त्यांनी एवढेच करावे. पहिली रक्कम स्वयंपाकघराच्या खिडकीला द्यावी. दुसरी ओलीचे मूळ शोधण्याला. जमिनीखाली खोली असेल तर तिच्यात धान्य, कपाटे, जुने ट्रंक जे काय ठेवायचे ते ठेवावे; माणूस ठेवू नये. एवढे झाल्यावर पैसे उरले, तर हॉलचे छत खुशाल सजवावे. त्यावर आमचे काहीही म्हणणे नाही.